जुन्या ट्रकचा मागचा हब: ग्रीस भरायचं की हाउसिंगचं ऑइल पुरतं?

उदगीरकडच्या एका तरुण भावानं विचारलंय. वडिलांनी घेतलेली १९७९ ची टाटा १२१० अकरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. आता इंजिन चालू झालंय, ब्रेकचं काम काढलंय. मागचे ड्रम उतरवायच्या आधी मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागाला, वंगण कसं द्यायचं हे त्यानं तीन मिस्त्रींना विचारलं, तर तीन उत्तरं मिळाली. पहिला म्हणाला, हब ग्रीसनं गच्च भरून टाक. दुसरा म्हणाला, काही घालू नको, डिफरन्समधलं (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्यातलं) ऑइल आपोआप येतं. तिसऱ्यानं तर हबला भोक पाडून ग्रीस निप्पल बसवून द्यायची तयारी दाखवली. "वस्ताद, खरं कोणाचं?"

भाऊ, पहिले दोघं आपापल्या गाडीपुरते खरे आहेत, फक्त पहिल्याचं 'गच्च' तेवढं सोडून द्या. तिसऱ्याला मात्र गाडीपाशी फिरकू देऊ नका.

मी लातुरात पस्तीस वर्षं मोठ्या गाड्यांची मागची कामं करतोय. त्यात पाहिलेले निम्मे जळालेले हब वंगण नव्हतं म्हणून जळालेले नव्हते. ज्या हबला ऑइल पाहिजे त्यात ग्रीस होतं, नाहीतर ज्याला ग्रीस पाहिजे त्यात ऑइल शिरलं होतं. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी एकच गोष्ट ठरवायची: तुमच्या हबला वंगण कुठून मिळतं?

आधी रचना समजून घ्या. या गाड्यांचा मागचा एक्सल फुल फ्लोटिंग असतो. गाडीचं आणि मालाचं वजन एक्सलवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर, येतच नाही. ते हाउसिंगच्या, म्हणजे एक्सलभोवतीच्या बाहेरच्या कवचाच्या, नळीवर येतं, नळीवर दोन टेपर रोलर बेअरिंग बसलेली असतात, आतलं मोठं आणि बाहेरचं जरा लहान, आणि त्यांच्यावर हब फिरतो. एक्सल नळीच्या पोटातून येऊन फ्लँजनं (टोकाच्या चकतीनं) हबला बोल्ट होतो आणि फक्त फिरवायचं काम करतो. म्हणूनच एक्सल तुटला तरी चाक निखळत नाही, आणि तो उपसून गाडी टोचन करता येते. (टोचन करताना हबचं तोंड उघडं ठेवू नका. पत्रा नाहीतर रबर लावून बंद करा. ऑइलवर चालणारा हब असेल तर ऑइल वाटेत सांडतं, आणि वीस किलोमीटर ओढून आणलेल्या गाडीचं बेअरिंगही एक्सलच्या सोबतच बदलावं लागतं.)

आता मुद्द्याची जागा: नळी आणि एक्सल यांच्यामधली फट. ग्रीसवाल्या हबमध्ये या फटीत सील असतं. काही गाड्यांत ते नळीच्या तोंडात असतं, काहींत बाहेरच्या चेकनटमध्येच (बेअरिंग जागेवर धरणाऱ्या नटमध्ये) बसवलेलं असतं. डिफरन्सचं ऑइल हबमध्ये येऊ नये एवढंच त्याचं काम. ऑइलवाल्या हबमध्ये हे सील नसतंच. डिफरन्समधलं मोठं दातेरी चाक, म्हणजे क्राउन, फिरताना त्यानं उडवलेलं ऑइल नळीतून वाहत हबमध्ये येतं आणि बेअरिंगं त्यातच फिरतात. मग सगळी जबाबदारी हबच्या आतल्या अंगाच्या, ब्रेककडच्या मोठ्या सीलवर येते.

तुमची गाडी कुठल्या जातीची, हे मी इथं बसून सांगणार नाही. मॉडेलच्या नावावरूनही ठरवू नका. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या गाडीचं हाउसिंग कधी भंगारातून बदललंय, हब कुठल्या गाडीचा बसलाय, हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं. एकाच गाडीत डाव्या अंगाला सील आणि उजव्या अंगाला नाही, असंही मी पाहिलंय. कोणीतरी घाईत बसवायचं विसरला होता.

तेव्हा एक्सल उपसा आणि बघा. खाली ट्रे ठेवा. एक्सल अर्धा हात बाहेर आल्याबरोबर पातळ ऑइलची धार लागली, हबचं पोट आतून ऑइलनं चकचकीत ओलं दिसलं, आणि नळीच्या तोंडात व चेकनटमध्ये सीलची बैठकच नाही, तर हब ऑइलचा. सीलची बैठक आहे, एक्सलवर त्या जागी घासून गुळगुळीत झालेला पट्टा दिसतोय आणि आत घट्ट ग्रीस आहे, तर हब ग्रीसचा. बैठक आहे, सीलही आहे, पण आत ताकासारखं पातळ, काळपट काहीतरी भरलंय, तर हब ग्रीसचाच, फक्त सील मेलेलं आहे. अकरा वर्षं उभ्या असलेल्या गाडीत मला हेच सापडेल असं वाटतं. रबर कडक होऊन फुटलेलं असतं.

वासही घेऊन बघा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र, सडक्या लसणासारखा वास येतो, ग्रीसला तसा येत नाही. ब्रेकच्या लायनरवर (ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तरावर) ओल असेल तर बोटाला लावून हुंगा, चूक कुठल्या सीलची हे अर्धं तिथंच कळतं.

गच्च भरायचा सल्ला का वाईट, हे मी स्वतःच्या चुकीनं शिकलो. हेल्परचा नुकताच मिस्त्री झालो होतो. ऊसाचा हंगाम होता, गाडीवाला म्हणाला, ग्रीसला कंजुषी करू नको. मी हब काठोकाठ भरला, वर बोटानं दाबून आणखी भरलं. गाडी साखर भरून निघाली आणि मांजरसुंब्याचा घाट उतरताना ड्रायव्हरला ब्रेकचा भरवसा वाटेना. घाटात ड्रम तापतो, हबही तापतो, ग्रीस फुगतं, पातळ होतं आणि जागा शोधतं. जागा एकच, आतलं सील. तिथून ते थेट लायनरवर. ड्रायव्हर जुना होता, चढताना कुठला गिअर होता त्याच गिअरमध्ये उतरणारा, म्हणून वाचला. गाडी परत आली तेव्हा ड्रमच्या आत लोण्यासारखा थर होता आणि चारही लायनर फेकून द्यावे लागले. मालकानं मला शिव्या दिल्या नाहीत, नुसता तो ड्रम माझ्यासमोर आणून ठेवला.

म्हणून ग्रीसच्या हबचं माप असं: बेअरिंग आतून पूर्ण भरलेलं पाहिजे, आणि दोन बेअरिंगांमधल्या पोकळीत तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत. पोकळीतलं ग्रीस भिंतीला, कपच्या (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याच्या) काठाच्या उंचीपर्यंत लिंपायचं. तो बांध असतो, बेअरिंगमधलं ग्रीस पातळ होऊन पोकळीत ओघळू नये म्हणून. बाकीची हवा राहू द्यायची, फुगायला जागा लागते.

निप्पलचंही तेच दुखणं. ग्रीस गनचा दाब मोठा असतो आणि आत किती गेलं ते दिसत नाही. ग्रीस बाहेर पडायला दुसरी वाट नाही, म्हणजे ते सील उलटवूनच बाहेर येणार. वर हबला भोक पाडल्यानं तो कमजोर होतो आणि लोखंडाचा कीस आत पडतो. पाट्याच्या पिना, शॅकल, क्रॉस यांना निप्पल ठीक. तिथं जुनं ग्रीस बाहेर ढकलायचंच असतं.

बेअरिंग भरायची रीत लिहितो, कारण हल्लीची पोरं वरून ग्रीस चोपडतात आणि भरलं म्हणतात. आधी जुनं सगळं काढायचं. घासलेटमध्ये ब्रशनं धुवायचं, दुसऱ्या स्वच्छ घासलेटात परत धुवायचं, आणि न लोंबणाऱ्या सुती कापडावर वाळू द्यायचं. काँप्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरगर फिरवायची मजा करू नका. कोरडं बेअरिंग तसं फिरलं तर रोलर ओरखडतात, आणि रोलर धरणारी जाळी सुटली तर रोलर गोळीसारखा येतो. मग डाव्या तळहातावर लिंबाएवढा ग्रीसचा गोळा घ्यायचा. उजव्या हातात कोन (रोलर आणि जाळीसकट बेअरिंगचं आतलं कडं) धरायचा, रुंद बाजू खाली, आणि त्या रुंद कडेनं गोळ्याच्या काठावर ठोकत दाबायचं, जणू कडेनं ग्रीस कापतोय. चार-पाच दाबांत जाळी आणि कोन यांच्या फटीतून, वरच्या अरुंद बाजूनं, ग्रीसचे शेवयांसारखे धागे बाहेर येतात. ते दिसले की दोन रोलरएवढं पुढं सरकवायचं आणि परत दाबायचं. पूर्ण फेरा झाला की रोलरवरून बाहेरून एक हात फिरवायचा. एका कोनाला पाच-सात मिनिटं लागतात. दीड मिनिटात झालं म्हणणाऱ्याचं बेअरिंग आतून कोरडं असतं.

ग्रीस कुठलं? दुकानात 'एपी थ्री' मागा, ते लिथियमचं तीन नंबरचं ग्रीस असतं. तीन नंबर म्हणजे दोन नंबरपेक्षा घट्ट, आणि आमच्याकडच्या ४२-४४ अंशांच्या उन्हाळ्यात मोठ्या हबला मला तेच पटतं. जोरात ब्रेक लागणारी गाडी असेल तर लिथियम कॉम्प्लेक्स घ्या, ते आणखी उष्णता सोसतं. पाट्यांना लावायचं स्वस्त चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं चेसिस ग्रीस हबमध्ये कदापि नको. ते शंभर अंशांच्या आसपासच वितळून वाहतं. साधं लिथियम साधारण १८० अंशांपर्यंत वितळत नाही. जुनं-नवं मिसळू नका. तुमच्या हबमधलं जुनं ग्रीस कशाचं होतं कोणास ठाऊक, त्या काळी सोड्याचं ग्रीसही वापरात होतं. दोन वेगळ्या साबणांची (ग्रीस ज्यानं घट्ट होतं त्या घटकांची) ग्रीसं एकत्र आली की कधी पाण्यासारखी पातळ होतात, कधी डिंकासारखी घट्ट. म्हणून कोपऱ्या-कोपऱ्यातून पुसायला सांगतो.

हब ऑइलचा निघाला तर कोनात ग्रीस भरायचंच नाही. भरलं तर ऑइलला आत शिरायची वाट राहत नाही, आणि ग्रीस धुऊन जाऊन ऑइल येईपर्यंत बेअरिंगची उपासमार होते. फार तर सीलच्या ओठाला बोटभर लावा. बेअरिंग त्याच गिअर ऑइलमध्ये बुडवून बसवायचं, हबमध्येही थोडं ओतून ठेवायचं. सगळं जोडल्यावर सपाट जागी फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल भरा. मग एक बाजू जॅकनं सहा-सात इंच उचला, मिनिटभर थांबा, म्हणजे ऑइल वाहत खालच्या हबमध्ये जाईल. खाली घ्या, दुसरी बाजू उचला, परत मिनिटभर. आता फिलर उघडून बघा, पातळी उतरलेली असते. परत भरा. हे न करता निघालेल्या गाडीची बेअरिंगं पहिले काही किलोमीटर कोरडीच धावतात, आणि डिफरन्समध्येही ऑइल कमी पडतं. ही दहा मिनिटं वाचवून मोठ्या खर्चात गेलेले लोक मला माहीत आहेत.

गिअर ऑइल नव्वद नंबरचं की एकशे चाळीसचं, हेही त्या भावानं विचारलंय. गाडीच्या पुस्तकात असेल ते. पुस्तक नसेल, डिफरन्स जुना आणि वाजता असेल, आणि गाडी भरून उन्हातच चालणार असेल, तर मी ८५डब्ल्यू-१४० घालतो. रिकाम्या, हौशी गाडीला ९० पुरे. ऑइलवाल्या हबला थंडीच्या सकाळी १४० पोचायला वेळ लागतो, हे ध्यानात ठेवा. क्राउन आणि त्याला फिरवणारं छोटं पिनियन हायपॉइड असेल, म्हणजे पिनियन क्राउनच्या मध्यावर नसून बाजूला सरकवलेलं असेल, तर जीएल-५ (जास्त दाब सोसणारं) ऑइलच पाहिजे.

आता ब्रीदर. हाउसिंगच्या वरच्या अंगाला बोटाएवढी टोपी असते, आणि कोणी तिच्याकडं बघत नाही. आमच्या काळ्या मातीचा चिखल वाळला की ती सिमेंटसारखी बंद होते. हाउसिंग तापलं की आतली हवा फुगते, वर जायची वाट नाही, मग नळीतून हबकडं दाब जातो आणि चांगलं नवं सीलही ऑइल सोडतं. सील दोनदा बदलूनही गळतंय अशी गाडी आली की मी आधी ब्रीदर काढून फुंकून बघतो. २०१६ च्या टंचाईत, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात, कितीतरी उभ्या गाड्यांवर पाण्याच्या टाक्या चढल्या. त्यातल्या तीन माझ्याकडं याच एका टोपीपायी आल्या होत्या.

पाण्याचंही तसंच. हब तापलेला असताना गाडी नदीत धुवायला उतरवली की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी ओढून घेते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वॉशिंगवाला प्रेशरची नळी ड्रमच्या मागच्या फटीत धरतो, त्याचा परिणामही तोच. तुमच्या घरी पूजा असेलच, पण मागच्या चाकांना आतून बादली आणि कापडच लावा.

उघडलंच आहे तर बेअरिंग वाचून घ्या. रोलर आणि कप उन्हात धरून फिरवा. निळा रंग चढला असेल तर ते पोलाद साधारण ३०० अंशांपर्यंत गेलं होतं. कडकपणा संपला, फेका. कपवर खपल्या उडालेल्या, फेका. उभ्या गाडीत दोन खुणा नक्की शोधा: कपच्या खालच्या भागात रोलरच्याच अंतरावर उमटलेल्या बारीक आडव्या रेघा, आणि काळे गंजाचे डाग. नखाला रेघ लागली तर ते बेअरिंग गुणगुणत चालणार आणि वर्षभरात जाणार. तिसरी खूण विजेची. बॉडीचं वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा भलत्या जागी लावला की करंट बेअरिंगमधून जातो आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. शेडमध्ये असताना कोणी फाळक्याला वेल्डिंग केलं होतं का, घरात विचारा.

कोन आणि कप जोडीनंच बदलायचे. चांगला निघालेला जुना जोड ज्या अंगाचा त्याच अंगाला. कप काढताना पितळी ड्रिफ्ट (ठोकायची कांब) वापरा, छिन्नी नको. आणि कप बैठकीत सैल झाला असेल तर पंचानं टिचे मारून घट्ट करणाऱ्याला थांबवा. ते दोन महिने टिकतं, मग हब जातो.

बांधणी करताना चेकनट आवळत असताना हब फिरवत राहायचं, नाहीतर रोलर जागेवर बसत नाहीत आणि खोटा घट्टपणा लागतो. जोर लावून आवळा, पूर्ण सैल करा, परत हलक्या हातानं टेकवा, मग सहावा ते चौथा हिस्सा फेरा मागं. वॉशर आणि दुसरा नट लागल्यावर डायल गेजनं मोजा: ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर खेळ राहिला पाहिजे. केसाची जाडी याच्या मधोमध कुठंतरी येते. आमचे वस्ताद हातानं हब हलवून सांगायचे आणि बरोबर सांगायचे, पण त्यांचा हात चाळीस वर्षांचा होता. तुमच्यासाठी गेज भाड्यानं आणा. दुसरा नट आवळल्यावर खेळ बदलतो, म्हणून मोजणी शेवटी. वॉशरची जुनी पाकळी परत वाकवू नका, मोडते. वॉशर नवा घ्या.

सीलला हबच्या जातीप्रमाणंच मागा. ग्रीसचं सील ऑइल अडवत नाही. नळीवर सील घासून खाच पडली असेल तर नवं सीलही गळणार, तिथं स्लीव्ह (पातळ कडं) चढवावी लागते. फारच जुन्या हबमध्ये नमद्याचं सील निघालं तर नवा नमदा कोमट ऑइलमध्ये तासभर भिजवून बसवा. कोरडा बसवला तर करपतो.

हे सगळं करताना हाउसिंगखाली घोड्या (लोखंडी टेकू), पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, जॅकवर भरवसा शून्य. ड्रममधली काळी धूळ हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ओल्या कापडानं पुसा आणि ते कापड बांधून टाका.

पहिली फेरी रिकामीच काढा, उदगीरहून पंधरा-वीस किलोमीटर, ब्रेक कमीत कमी वापरून. थांबल्यावर हाताची पालथी बाजू आधी जवळ न्या, मग टेकवा, दोन्ही हबना. दोन्ही सारखेच कोमट असले तर ठीक. एक हात टेकवू देत नसेल तर बघा गरम कुठं जास्त आहे: ड्रमचा बाहेरचा काठ तापलाय तर ब्रेक धरतोय, एक्सलच्या फ्लँजचा मधला भाग तापलाय तर चेकनट घट्ट आहे नाहीतर आत वंगण पोचत नाही. तसं असेल तर घरापर्यंत आणू नका, तिथंच थांबवा आणि चाक उचलून हातानं फिरवून बघा. शंभर किलोमीटर झाल्यावर फ्लँजचे बोल्ट परत आवळा. आणि शेडमध्ये परत उभी करणार असाल तर महिन्यातून एकदा गाडी दोन-चार फूट पुढं घ्या, म्हणजे तेच रोलर कपच्या त्याच जागी बसून राहणार नाहीत.